गाडीखाली शिरण्याआधी

गाडीचं छोटंमोठं काम घरीच उरकण्याची हौस आपल्याकडे वाढली आहे आणि त्याची कारणंही उघड आहेत. सर्व्हिस सेंटरचं बिल बघून पोटात गोळा येतो. मोबाइलवर जवळजवळ प्रत्येक मॉडेलच्या प्रत्येक स्क्रूचा व्हिडिओ सापडतो. पान्यांचा संच ऑनलाइन मागवला की दोन दिवसांत दारात हजर. त्यामुळे रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखादं तरी बोनेट उघडं दिसतंच, आणि त्यात कमरेपर्यंत वाकलेले एक गृहस्थ.

या हौसेबद्दल माझी तक्रार नाही. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने काहीतरी दुरुस्त करावं, त्यातून समाधान मिळवावं, हे चांगलंच आहे. शिवाय ज्याला आपल्या गाडीचं थोडंफार कळतं त्याला कोणी सहज गंडवत नाही. आम्ही डॉक्टर मंडळी अशा विषयावर लिहायला बसलो की ‘हे करू नका, ते करू नका, तज्ज्ञांकडे जा’ एवढं सांगून मोकळे होतो. वाचणारा मान डोलावतो आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच करतो. म्हणून मला मुद्दा जरा वेगळ्या बाजूने मांडायचा आहे.

घरचं काम कोणतं आणि गॅरेजचं कोणतं, हे आपण कामाच्या अवघडपणावरून ठरवतो. ‘सोपं आहे हो, दोन बोल्ट तर काढायचेत!’ माझ्या मते हा निकषच चुकीचा आहे. ते दोन बोल्ट कुठे आहेत, आणि ते काढताना तुमचं डोकं, छाती, डोळे आणि बोटं कुठे असणार, यावरून ठरवायला हवं. इंजिन ऑइल बदलणं हे तांत्रिकदृष्ट्या अगदी प्राथमिक काम. पण ऑइल सोडायचा बोल्ट गाडीच्या पोटाखाली असतो, म्हणजे तुमची छाती गाडीच्या वजनाखाली जाणार. उलट डॅशबोर्डमागची सैल वायर शोधणं कितीही किचकट असलं तरी त्यात बहुतेक वेळा मान आखडण्यापलीकडे काही होत नाही. पहिलं काम सोपं आहे आणि जिवावर बेतू शकतं. दुसरं अवघड आहे आणि तुलनेने निर्धोक.

गाड्याही आता अशाच बनतात की हात जाऊ नये. लहान गाडीत सगळं कोंबायचं म्हणजे हेडलाइटचा बल्ब बॅटरीच्या मागे जातो, ऑइल फिल्टर इंजिन आणि मागच्या पत्र्याच्या मधल्या फटीत जातो, फ्यूजचा डबा स्टिअरिंगखाली पायांच्या जागेत. युरोपातले देश पाळतात त्या संयुक्त राष्ट्रांच्या ४८ क्रमांकाच्या वाहन-नियमावलीत बदलता येणारा दिव्याचा बल्ब खास हत्यारांशिवाय आणि तज्ज्ञाच्या मदतीशिवाय बदलता यावा अशी अपेक्षा आहे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. दुरुस्तीचा हक्क हवाच. पण माहिती मिळाली आणि हात पोचत नसेल तर तो हक्क कोपर सोलून घेण्याचाच ठरतो. ही कंपन्यांची जबाबदारी आहे असं माझं स्पष्ट मत आहे. ते सुधारेपर्यंत आपल्या शरीराची काळजी आपल्यालाच घ्यायची आहे, म्हणून आता शरीराकडे वळू.

छाती गाडीखाली असते तेव्हा

सगळ्यात गंभीर गोष्ट आधी सांगतो. छोट्या हॅचबॅक गाडीचं वजन ८०० ते १,००० किलो असतं, मोठ्या एसयूव्हीचं त्याच्या दुप्पटही भरतं. सगळं वजन अंगावर येत नाही, तीन चाकं जमिनीवर असतात, हे खरं. पण मारायला तेवढं लागतही नाही.

आपण श्वास घेतो तेव्हा फासळ्या वर आणि बाहेर उचलल्या जातात, श्वासपटल खाली सरकतं आणि छातीतली जागा वाढते म्हणून हवा आत येते. छातीवर वजन पडलं की आत असलेली हवा बाहेर जाते आणि पुन्हा आत घेता येत नाही. फासळी एकही मोडली नसली तरी माणूस गुदमरतो. ऑलिव्हिए या फ्रेंच डॉक्टरांनी १८३७ मध्ये पॅरिसच्या गर्दीत चेंगरून मेलेल्या लोकांची शवविच्छेदनं करून हे चित्र नोंदवून ठेवलं आहे. चेहरा आणि मान काळीनिळी, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात रक्त उतरलेलं, आणि छातीच्या खालचं शरीर मात्र साधारण नेहमीसारखं. छातीवरच्या दाबाने रक्त उलटं मानेच्या आणि डोक्याच्या शिरांमध्ये ढकललं जातं, म्हणून असं दिसतं.

यातला एक मुद्दा घरच्यांनी नीट लक्षात घ्यावा. ओरडायला हवा लागते. गाडीखाली छाती सापडलेला माणूस हाक मारू शकत नाही. वर स्वयंपाकघरात बायको आहे, हाक मारली की येईल, या हिशोबाला अर्थ नाही. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार-पाच मिनिटांत कायमची इजा सुरू होते, आणि ‘बराच वेळ झाला, चहा प्यायला आले नाहीत’ हे लक्षात यायला अर्धा तास जातो.

गाडी जॅकवरून घसरते का? घसरते, आणि त्यात नशिबाचा भाग कमी आणि यंत्रशास्त्राचा जास्त आहे. गाडीसोबत येणारा कात्रीसारखा जॅक पंक्चर झालेलं चाक बदलण्यासाठी आहे. त्याचा तळ तळहाताएवढा. तो सरळ खालून वर वजन पेलतो, आडवा धक्का त्याला सोसत नाही. आणि तुम्ही गाडीखाली जाऊन नेमकं काय करता? गंजून घट्ट बसलेल्या बोल्टला पाना लावून सगळ्या ताकदीने आडवं हिसकता. म्हणजे जॅकला जे सोसत नाही तेच. त्यात खाली पेव्हर ब्लॉक असतील तर जॅकखालचा एखादा ब्लॉक दबतो. बेसमेंट पार्किंगला पाणी वाहून जाण्यासाठी ठेवलेला उतार डोळ्यांना दिसत नाही, पण गाडीला कळतो. हायड्रॉलिक ट्रॉली जॅक मजबूत वाटतो, मात्र त्याचं सगळं वजन आतल्या तेलावर आणि रबरी सीलवर असतं. सील गळलं की तो बसतो.

‘हँडब्रेक लावलाय, गिअरमध्ये टाकलीय’ असं उत्तर मिळतं. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना असतो. मागची दोन्ही चाकं उचललीत तर तो निरुपयोगी. पुढचं एकच चाक उचललंत तर पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरचा भरवसा नाही, कारण डिफरन्शियलमुळे हवेतलं चाक फिरत राहून दुसऱ्या चाकालाही फिरू देतं. म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावायलाच हवेत. दगड नको, तो घसरतो.

विटांचा थर किंवा सिमेंटचा पोकळ ब्लॉक गाडीखाली लावण्याची पद्धत तर ताबडतोब बंद व्हायला हवी. वीट भिंतीत पसरलेलं वजन पेलते. एका टोकावर सगळा भार आला की ती कुरकुर न करता एका क्षणात फुटते. लाकूड निदान आवाज करतं.

मग गाडीखाली जायचंच नाही का? माझं मत असं आहे: जॅकच्या भरवशावर कधीच नाही, एका मिनिटासाठीही नाही, खाली पडलेला नट उचलायलासुद्धा नाही. पोलादी जॅक स्टँडची जोडी घ्या. पान्यांच्या संचावर खर्च केलात तसा तिच्यावरही करा. सपाट, कडक काँक्रीटवर, कंपनीने पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच स्टँड लावा, गाडी त्यांच्यावर टेकवा, मग बाहेर उभं राहून गाडी चांगली हलवून बघा. पडायची असेल तर तेव्हा पडू दे. काढलेलं चाक आडवं करून गाडीच्या कडेखाली सरकवून ठेवा, म्हणजे सगळं फसलं तरी गाडी आणि जमीन यांत तेवढी जागा उरते. आणि कोणीतरी शेजारी हवं. फोनवर खेळत बसलेला मुलगाही चालेल, पण नजरेच्या टप्प्यात हवा. हे सगळं शक्य नसेल तर ते काम तुमचं नाही.

प्रसंग आलाच तर काय करायचं तेही सांगून ठेवतो. आधी मोठ्याने माणसं गोळा करा आणि कोणालातरी १०८ ला फोन करायला सांगा. गाडी सुरू करून पुढे-मागे घेण्याचा विचारही करू नका. जॅक पुन्हा लावता येत असेल तर लावा, नाहीतर सहा-आठ जणांनी मिळून ती बाजू उचला आणि एकाने खाली चाक किंवा ठोकळे सरकवावेत. मगच ओढून बाहेर काढा, मान आणि पाठ शक्य तेवढी सरळ रेषेत ठेवून. श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत.

हात किंवा पाय बराच वेळ दबून राहिला असेल तर धोका वेगळा असतो. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेली काही माणसं सुरुवातीला ठीक दिसायची आणि काही दिवसांत मूत्रपिंडं बंद पडून जायची. बायवॉटर्स आणि बील यांनी १९४१ मध्ये त्याचं वर्णन केलं. दबलेला स्नायू मरतो, दाब निघाला की त्यातलं मायोग्लोबिन आणि पोटॅशियम रक्तात उतरतं. मायोग्लोबिनने मूत्रपिंडं बिघडतात, पोटॅशियमने हृदयाची लय. म्हणून ‘पाय मोकळा झाला, हलतोय, घरी जाऊन झोपतो’ हे चालणार नाही. किती वेळ दबला होता ते डॉक्टरांना सांगा, आणि लघवी चहासारखी तांबूस-काळपट झाली तर ते आवर्जून सांगा.

शटर खाली आणि इंजिन चालू

पावसाळ्यात बाहेर चिखल, म्हणून गाडी आत घेऊन शटर अर्धं ओढून काम करणारे बरेच आहेत. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांकडे घराला जोडूनच गॅरेज असतं आणि थंडीत ते बंद असतं. त्यांनाही हे लागू आहे. आवाज कुठून येतोय ते ऐकायला इंजिन चालू ठेवलं जातं आणि कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. धुराचा वास येतो तो इतर घटकांचा. हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे हवेत थोडा असला तरी रक्तात जमत जातो. गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे म्हणून निश्चिंत राहू नका, तो तापेपर्यंत नीट काम करत नाही.

डोकं दुखणं, मळमळ, गळून गेल्यासारखं वाटणं ही सुरुवातीची लक्षणं. माणसाला वाटतं उपाशीपोटी काम केलं म्हणून होतंय. मग गुंगी येते आणि बाहेर पडायची ताकदच राहत नाही. कोविडमध्ये घरोघरी आलेला ऑक्सिमीटर इथे फसवतो. त्याला प्राणवायू चिकटलेलं हिमोग्लोबिन आणि हा वायू चिकटलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही, तो ९८ दाखवतो आणि पेशंट बेशुद्धीच्या वाटेवर असतो. लक्षणं दिसली की मोकळ्या हवेत या आणि रुग्णालयात जा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध प्राणवायू दिला तर साधारण तास-दीड तास.

बोटं जातात तिथे

आता अरुंद जागेत हात घालण्याचा भाग. इथे जीव जात नाही, बोट जातं.

अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. लग्नाची अंगठी निघत नसेल तर आधी साबण लावून काढा, नंतर हात घाला. याची दोन कारणं आहेत. एक तर अंगठी कुठेतरी अडकते आणि हात झटक्यात मागे ओढला तर बोटाची कातडी मोज्यासारखी निघून येते, सोबत रक्तवाहिन्याही. दुसरं कारण बॅटरी. बारा व्होल्टचा शॉक बसत नाही हे बरोबर, पण बॅटरीचा धन टोक आणि गाडीचा पत्रा यांच्यामध्ये पाना आणि अंगठी आली तर शेकडो अँपिअरचा प्रवाह त्यातून जातो. धातू क्षणात लालबुंद होतो आणि बोटाभोवती गोल, खोलवर भाजतं. अशी भाजलेली वर्तुळं मी पाहिली आहेत. म्हणूनच बॅटरी काढताना आधी ऋण टोक सोडायचं आणि जोडताना ते शेवटी जोडायचं. ऋण टोक सुटलेलं असलं की पाना पत्र्याला लागला तरी मंडल पूर्ण होत नाही. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी पडली तर ती फुटते. आम्ल डोळ्यात गेलं तर नळाखाली निदान २० मिनिटं धुवा. आधी धुवा, मग रिक्षा बोलवा.

रेडिएटरचा विजेवर चालणारा पंखा चावी काढल्यावरही इंजिन गरम असेल तर आपोआप सुरू होऊ शकतो. बोनेटखाली ‘सगळं बंद आहे’ असं समजून हात घालणाऱ्यांना हे माहीत नसतं. रेडिएटरचं झाकणही तसंच. आतलं पाणी दाबाखाली असतं म्हणून १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि ते एकदम वाफ होऊन तोंडावर उसळतं. भाजलं तर २० मिनिटं वाहतं साधं पाणी. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ यांपैकी काहीही नको.

स्टिअरिंगच्या आसपास आणि डॅशबोर्डखाली पिवळ्या वेष्टनातल्या वायरी दिसल्या तर त्या एअरबॅगच्या आहेत, त्यांना हात लावू नका. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांतल्या नारिंगी केबल्स याहून धोकादायक. तिथला दाब बारा व्होल्ट नसून शेकडो व्होल्ट असतो. त्या गाड्यांच्या बाबतीत मी सरळ ‘करू नका’च म्हणेन.

एक जखम अशी आहे की जिच्याबद्दल लोकांना जवळजवळ काहीच माहिती नाही, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. ग्रीस गन, डिझेल इंजिनची इंधनाची नळी, आणि आता घरोघरी आलेला गाडी धुण्याचा प्रेशर वॉशर. डिझेलच्या आधुनिक इंजिनात इंधनाचा दाब १,००० बारच्या पुढे असतो. नळी कुठे गळते ते बघायला बोट फिरवलं जातं आणि केसाएवढी बारीक धार कातडी भेदून आत शिरते. बाहेर दिसतं ते टाचणी टोचल्यासारखं एक छिद्र. सुरुवातीला दुखतही नाही. माणूस फडक्याने पुसून पुढचं काम करतो. आत मात्र ग्रीस किंवा डिझेल स्नायूबंधांच्या आवरणांमधून तळहातापर्यंत, कधी मनगटापर्यंत पसरलेलं असतं. काही तासांत बोट सुजतं, पांढरं पडतं, ठणकायला लागतं. प्रकाशित झालेल्या अशा केसेस एकत्र करून पाहिल्या तर सुमारे ३० टक्के वेळा बोटाचा किंवा हाताचा भाग कापावा लागलेला आहे. लवकर शस्त्रक्रिया करून आत शिरलेलं सगळं काढलं तर ते टळू शकतं, पहिल्या सहा तासांत झाली तर उत्तम. प्रेशर वॉशरचं पाणी ग्रीसइतकं विषारी नसतं, तरी इजा त्याच जातीची. त्यामुळे दाबाखालच्या कशानेही बोटाला छिद्र पडलं असेल तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी, त्याच तासाला हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे जा आणि ‘टोचलं’ असं न सांगता ‘ग्रीस गनने उडालं’ असं सांगा. नुसतं ‘टोचलं’ म्हणालात तर धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन तुम्हाला घरी पाठवलं जाण्याची शक्यता असते.

धनुर्वाताचा विषय निघालाच आहे तर, गंजाने धनुर्वात होत नाही. त्याचे जिवाणू माती-शेणात असतात आणि गाडीच्या पोटाला दोन्ही लागलेलं असतं. शेवटचा डोस दहा वर्षांपूर्वीचा असेल तर कामाला लागण्याआधीच घेऊन टाका.

डोळा, मान, कंबर

खाली पडून वर बघत काम केलं की गंजाचा कण, वाळू, ऑइलचा थेंब थेट डोळ्यात पडतो. नेहमीचा चष्मा पुरत नाही, बाजूने बंद असलेला गॉगल हवा. कण गेला तर चोळू नका, पाण्याने धुवा. रुमालाचं टोक, कापसाची वात, शेजाऱ्यांची फुंकर हे उपाय बुबुळावर ओरखडे काढतात. लोखंडाचा कण बुबुळावर राहिला तर दिवसाभरात त्याच्याभोवती गंजाचं कडं तयार होतं आणि ते डोळ्यांच्या डॉक्टरांनाच काढावं लागतं. हातोडीने लोखंडावर लोखंड ठोकताना उडालेला कण मात्र डोळ्याच्या आत शिरू शकतो, आणि तेव्हा फारसं दुखत नाही. नजर थोडी धूसर झाली एवढंच वाटतं. अशा वेळी डोळा न दाबता लगेच डॉक्टर गाठा.

हात डोक्याच्या वर धरून दहा मिनिटं बोल्ट पिरगाळला की रक्तदाब चांगलाच वाढतो, कारण स्नायू न हलता आवळलेले असतात आणि आपण दम धरून जोर लावतो. ज्यांना रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी हे काम मुलाकडे द्यावं. जुना हर्निया असेल तर तेच. मान मागे टाकून बराच वेळ राहिल्यावर उठताना गरगरणं हे अनेकदा कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागातले बारीक कण हलल्यामुळे होतं. ते बहुतेक वेळा डोकं ठरावीक पद्धतीने वळवून बरं करता येतं, पण गाडीखालून उठताना आलेली घेरी म्हणजे डोक्याला खोक हे ठरलेलं. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर बोनेटच्या कडेचा साधा वाटणारा टोलाही दाखवून घ्या. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांना सायलेन्सरचा चटका बसल्याचं कळत नाही, घरी आल्यावर फोड दिसतो. आणि तासभर उकिडवं बसून चाकाचं काम केल्यावर पाऊल वर उचलता येईना, असं होऊ शकतं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडावरून जाणारी नस दबते. बहुतेकांची हळूहळू भरून येते, पण काही आठवडे पाय घासत चालावं लागतं. दर दहा मिनिटांनी उठून दोन पावलं चाललात तर हे होत नाही.

रसायनांबद्दल थोडक्यात. नळी तोंडात धरून पेट्रोल ओढू नका, ते फुप्फुसात गेलं तर आतून भाजल्यासारखा न्यूमोनिया होतो. गिळलं गेलं तर उलटी काढू नका. कूलंट गोडसर असतं आणि त्यातल्या इथिलीन ग्लायकॉलने मूत्रपिंडं जातात, म्हणून ते सरबताच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत अजिबात भरून ठेवू नका, घरात लहान मूल असेल तर अजिबातच नाही. ब्रेकची धूळ फुंकून उडवू नका, जुन्या आणि स्वस्त लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, ओल्या फडक्याने पुसा. ऑइलचे हात पेट्रोलने धुण्याची गॅरेजची सवय उचलू नका, त्याने कातडीचा स्निग्धांश जाऊन इसब होतं. आधी खोबरेल लावून पुसा, मग साबण. आणि ऑइलचं फडकं पँटच्या खिशात ठेवू नका. लँकेशायरच्या सूतगिरण्यांतल्या कामगारांना वर्षानुवर्षं तेलाने भिजलेल्या कपड्यांमुळे अंडकोशाच्या कातडीचा कॅन्सर व्हायचा. ते शेकडो पटींनी जास्त तेल होतं हे मान्य, पण फडकं डब्यात टाकायला काय जातं?

मग गॅरेजला द्यायचं, एवढंच ना?

नाही, एवढंच नाही. इथे माझ्या मनात बरेच दिवस असलेली गोष्ट बोलतो.

‘हे काम धोक्याचं आहे, गॅरेजला द्या’ असं मी लिहितो तेव्हा तो धोका नाहीसा होत नाही. तो एकोणीस-वीस वर्षांच्या एखाद्या पोराकडे जातो. आपल्या रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये काय दिसतं? लिफ्ट नाही, खड्डा नाही. फुटपाथला लागून उभी गाडी, एक ट्रॉली जॅक, फार तर एक लाकडाचा ठोकळा, खाली गोणपाट आणि त्यावर आडवा झालेला मुलगा, पाय रस्त्यावर आलेले. मी वर सांगितलेलं एकूण एक त्याला लागू आहे. फरक इतकाच की तुम्ही वर्षातून दोनदा जाल, तो दिवसातून दहा वेळा जातो. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या अशा जागी ईएसआय आपोआप लागू होत नाही. अपघात झाला तर मालक चांगला निघाला तर दवाखान्याचं बिल भरतो, नाहीतर आईबाप गावाकडून येऊन घेऊन जातात.

आपण त्या गॅरेजमध्ये उभे राहून भाव करतो, पण स्टँड आहे का असं विचारत नाही. मला वाटतं विचारायला हवं, आणि तेही मालकाला, त्या पोराला नव्हे, कारण त्याच्या हातात काही नसतं. ‘माझ्या गाडीखाली कोणी जाणार असेल तर आधी स्टँड लावा, दहा मिनिटं जास्त लागली तरी चालतील’ एवढं वाक्य पुरतं. काही मालक हसतील. एकाने मला ‘डॉक्टर, तो रोजच करतो हो’ असं सांगितलं होतं. मी म्हटलं, रोज करतो म्हणूनच लावा. स्टँड त्याच्याकडे होते, मागे टायरच्या ढिगात धूळ खात पडले होते.

ज्यांनी घरासाठी स्टँडची जोडी घेतली आहे त्यांनी ती डिकीत ठेवायलाही हरकत नाही. गॅरेजवाल्याकडे नसले तर आपले काढून द्यायचे. आणि घरी पुढच्या रविवारी बल्ब बदलायचा असेल तर तेवढा जरूर बदला. इंजिन गार झाल्यावर, अंगठी काढून, बॅटरीचं ऋण टोक सोडून. हात पोचत नसेल तर बॅटरीच बाहेर काढा, मनगट वाकवून कोंबण्यापेक्षा त्याला कमी वेळ लागतो.